खोली नंबर चारची प्रत

हडपसरच्या एका शाळेतल्या मतदान केंद्रावर एकशे चार टक्के मतदान झालं होतं. निदान स्पृहाच्या प्रबंधातल्या तक्त्यात तरी! नेटवरून उतरवलेला आकडा तपासायला ती निवडणूक कार्यालयात गेली, तर खिडकीमागचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "उत्साही लोक दिसतात. अर्ज करा, महिन्याने या."

"आमचीच शाळा हाय ती," मागून कुणीतरी हसलं. आईचं नाव मतदार यादीत दुरुस्त करायला आलेला इंद्रजीत. उन्हाने रापलेला चेहरा, आणि डोळे... स्पृहाने घाईघाईने वहीत पाहिलं. "आमच्या तात्यांकडं प्रत असंल. पंचवीस वर्षं उमेदवाराच्या वतीनं बूथवर बसतात ते."

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष एकूण मतदार, एकूण मतं लिहून सहीची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतात, आणि 'प्रत मिळाली' म्हणून त्यांची सही घेतात. बाकीचे त्या कागदात वडापाव गुंडाळत असतील. इंद्रजीतचे वडील, सोनबातात्या, साऱ्या गावच्या प्रती मागून आणून पत्र्याच्या पेटीत जपत. "सही नसलेला आकडा म्हंजी नुसत्या गप्पा," ते पहिल्याच शनिवारी घरी आलेल्या स्पृहाला म्हणाले. तिला हे घर तिथेच आवडून गेलं.

तीन शनिवार गेले. ती ओसरीवर बसून आकडे उतरवायची, इंद्रजीत वाचून दाखवायचा – जरा जास्तच सावकाश. शाळेत मतदान दोन खोल्यांत झालं होतं; त्यातल्या खोली नंबर तीनची प्रत निघाली. चारची मात्र काही केल्या सापडेना. "सोमवारी प्रबंध द्यायचाय," तिसऱ्या शनिवारी ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "नाही मिळाली तर हडपसरचं अख्खं प्रकरण गाळावं लागेल." इंद्रजीतचा चेहरा पडला.

रविवारी सकाळीच तो सदाशिव पेठेत तिच्या दारात उभा. हातात खोली नंबर चार!

तिने जिन्यातच आकडेमोड केली. नेटवाल्याने मतं दोन्ही खोल्यांची आणि मतदार मात्र एकाच खोलीचे धरले होते. खरं मतदान बावन्न टक्के. तिला नाचावंसं वाटलं. "कुठे सापडली?"

"हरवलीच नव्हती..." तो खाली बघत म्हणाला. "पहिल्या शनिवारीच काढून ठेवली. दिली असती, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

स्पृहाचा पारा चढला. दोन आठवडे तिला धड झोप नव्हती! "माहिती दडवलीत? आता तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"चुकलं माझं. काल घरी सांगितलं, तर तात्यांची लई बोलणी खाल्ली. म्हणून... हे सहीनिशी आणलंय."

पट्टीने रेघा आखलेला दुसरा कागद. 'मला स्पृहा आवडतात. प्रमाण: शंभर टक्के.' खाली त्याची सही. त्याखाली साक्षीदार म्हणून सोनबातात्यांची, आणि शेवटी थरथरत्या अक्षरांत आईची – मैना.

स्पृहाने तो कागद दोनदा वाचला. राग कुठच्या कुठे गेला होता.

"शंभर टक्के?" ती शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाली. "आमच्या पेठेत असला आकडा कुणी खरा धरत नाही. पडताळावा लागेल."

"कधी?"

"शनिवारी."

तिने त्याच्याच खिशातलं पेन ओढून घेतलं, कागद भिंतीला टेकवला आणि तळाशी लिहिलं – 'प्रत मिळाली.' मग ठसठशीत सही केली.