दोन तासांचा नियम

"माझी कुत्री मला ओळखत नाही हो. माझ्यावर गुरगुरते. आणि भाचा म्हणतो, मलाच भ्रम झालाय."

कुत्र्यांच्या नोंदणी कार्यालयात एरवी फोन यायचे ते 'आमचे कागद कुठे अडकले' म्हणून. हा आवाज घाबरलेला होता. तपासनीस बाईंनी फाइल काढली. काजळ, काळी कुत्री, वय सहा, मानेत ओळखीची चिप, दोनदा सिझेरियन. तीन आठवड्यांपूर्वी व्याली, पाच पिल्लं. पिल्लांच्या नोंदणीचा अर्ज भाच्याचा, पडताळणी बाकी. तासाभरात बाई दारात हजर.

दार भाच्यानेच उघडलं. तोंडात नुसती साखर. "मावशीचं मनावर घेऊ नका. कंबरेचं हाड मोडून तीन महिने इस्पितळात होती, परवा आली. डोकं ठिकाणावर नाही. उद्याच तिला वृद्धाश्रमात ठेवतोय. हा पिल्लांचा धंदा, केनेल, माझ्या नावावर करायचे कागदही तयार आहेत."

आतल्या खोलीत मावशी काठीवर रेलून उभी होती. समोर जुन्या चादरीवर काळी कुत्री, पोटाशी पाच पिल्लं लुचत होती. मावशी एक पाऊल सरकली, तशी कुत्रीने दात दाखवले.

"सहा वर्षं माझ्या पलंगाखाली झोपली ती," मावशी म्हणाली. "ही ती नव्हे."

"झालं हिचं सुरू! बाई, तुम्ही चिप वाचा आणि सोक्षमोक्ष लावा." भाच्याने पुढे होऊन कुत्रीचा रुंद कापडी पट्टा घट्ट धरला. बाईंनी मानेजवळ रीडर फिरवला. तो वाजला. नंबर फाइलशी तंतोतंत जुळला.

मावशीचं तोंड एवढंसं झालं.

"बाळंतपणाला डॉक्टर कोण होते?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. तासाभरात मोकळी झाली."

"दोनदा सिझेरियन झालेली कुत्री?"

"नशीब म्हणायचं!"

"तिसऱ्या सिझेरियनचं वेत, म्हणजे त्यातली पिल्लं, आम्ही नोंदवत नाही, ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर सांगतो, झालंच नाही."

"बरं. पिल्लांच्या गालातले नमुने घ्यायचेत. आधी दोन तास त्यांना कुत्रीपासून दूर ठेवावं लागतं."

"दोन तास? मला कामं आहेत हो. घ्या की आत्ताच!"

पिल्लांच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. एरवी बाईंनी त्याला चार शब्द सुनावून बसवलं असतं. आज त्या मुकाट्याने पाचही तोंडांत कापसाची काडी फिरवून मोकळ्या झाल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "अहवाल येईपर्यंत केनेल कोणाच्याही नावावर होणार नाही. मावशी, तोवर घर सोडू नका, कुठेही सही करू नका."

आठ दिवसांनी त्या परत आल्या.

"पिल्लं काजळचीच आहेत," बाई म्हणाल्या. भाचा हसला. "पण त्यांच्या तोंडातलं दूध काजळचं नाही."

भाच्याचं हसू मावळलं.

"दुधातून कुत्रीच्या पेशी उतरतात. नमुन्यात त्यांची भेसळ होऊ नये, म्हणून तो दोन तासांचा नियम. मला त्या दिवशी ती भेसळच हवी होती. पाचही काड्यांवर पिल्लाबरोबर दुसरीच कुत्री निघाली. काजळचा नमुना आमच्याकडे जुना आहे, त्याच्याशी ती जुळत नाही."

"पण चिप?" भाच्याने विचारलं.

बाईंनी पट्टा सोडवून जमिनीवर ठेवला. कुत्रीच्या मानेवर, खांद्यांवर, पोटावर रीडर फिरवला. तो मुका. पट्ट्यावर धरला, लगेच वाजला. त्यांनी शिवण उसवली. तांदळाच्या दाण्याएवढी चिप तळहातावर पडली.

"जिवंत कुत्रीच्या मानेतून ही आपण होऊन बाहेर येत नाही. पाच पिल्लं झाली आणि पुढच्याला काजळ अडली. डॉक्टर आला असता, तर सिझेरियन झालं असतं, त्याने ते कळवलं असतं आणि वेत बाद, पिल्लांना कवडीची किंमत नाही. म्हणून तू त्याला बोलावलं नाहीस. ती मेल्यावर मान कापून चिप काढलीस आणि स्वतःची पिल्लं गेलेली, काजळसारखीच दिसणारी कुत्री आणून बसवलीस. मावशीने ओळखलं, तर तिलाच वेडी ठरवलंस!"

"मला वाटलं, सुटेल," भाचा पुटपुटला. "दीड दिवस नुसती कण्हत होती."

"ते आता पोलिसांना सांग." बाई मावशीकडे वळल्या. "तुमचं डोकं अगदी शाबूत आहे. हवं तर लिहून देते."

मावशी भिंतीला धरून खाली बसली.

"आठ दिवस देवाला एकच मागत होते, मी वेडी ठरू दे," ती म्हणाली. "मी वेडी असते, तर माझी काजळ जिवंत असती ना हो."