मेंढरांच्या पायातली मनकडी

सकाळी पावणेआठला हणमंत भोईटे एका मेंढीशी झटत होता. गुडघ्यानं तिला कुंपणाशी दाबायचं आणि आपल्या मनगटावरचं कडं काढून तिच्या पुढच्या पायाला बांधायचं, एवढंच काम. पण ती रोज नव्यानं आडवी जायची. एकावन्नाव्या वर्षी, सौर प्रकल्पाचा सुपरवायझर असताना हे असलं करावं लागतं म्हणून तो सकाळपासूनच करवादलेला असे.

"तात्या, मेंढरू हाय का रेडा?"

"मेंढरूच हाय. तुमचंच डोकं रेड्याचं," म्हाळूतात्या शांतपणे म्हणाले. त्यांचा कळप रोज याच वाटेनं डोंगरावर चरायला जायचा.

आठ महिन्यांपूर्वी कंपनीनं प्रत्येकाच्या हातात मनकडं घातलं होतं. नाडीची लय आणि घामातलं ताणद्रव्य मोजून ते माणसाच्या मनाची अवस्था सांगायचं. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे समुपदेशकाचा फोन. शिवाय आठवड्याला दोन तास 'रानवेळ' सक्तीची. झाडझाडोऱ्यात, मोकळ्या वाऱ्यात माणूस नुसता बसला तरी ताणद्रव्य उतरतं, हे म्हणे सिद्ध झालं होतं. पुरुषमाणसं डॉक्टरकडे जात नाहीत, मनातलं बोलत नाहीत, म्हणून हे औषध ड्युटीतच घातलेलं.

हणमंतचा नुसता संताप झाला होता. माण तालुक्यात जन्मलेल्या माणसाला रान दाखवणार हे! दिवसभर उन्हात सौरपट्ट्यांच्या रांगांतून हिंडतो, ते काय मग? तर ते धरायचं नाही, कारण तिथं काच आणि लोखंड. शेवटी मेंढरांची युक्ती त्यानंच काढली. मेंढराची नाडी माणसासारखीच पडते आणि चरताना ती संथ राहते. घामाची खूण तेवढी पुसट यायची, पण यंत्रानं कधी तक्रार केली नाही. अकरा माणसांची अकरा मनकडी रोज डोंगरावर जाऊन हिरवीगार होऊन यायची.

त्या दिवशी जालिंदर कदमनं आपलं कडं न बोलता पुढं केलं. वीस वर्षांपासूनचा कामातला जोडीदार, हल्ली त्याचं बोलणंच तुटलं होतं. मग त्यानं पिशवीतून पान्यांचा संच काढला आणि हणमंतच्या हातात ठेवला. हा संच तो कुणाला हात लावू देत नसे.

"हे कशाला?"

"राहू दे तुझ्याकडं."

"आधीच माझ्या कपाटात जागा न्हाय," हणमंत खेकसला. जालिंदर नुसता हसला आणि निघून गेला.

दुपारी समुपदेशक वैदेही केसकर यांचा फोन आला. "भोईटे, अभिनंदन! मनःस्वास्थ्यात तुमचं पथक पहिलं. सोमवारी शाल-श्रीफळ घेऊन येतेय."

हणमंतनं कपाळावर हात मारला. आता मेंढरांचा सत्कार!

"आणि जालिंदर कदम तर कमालच. आठ महिन्यांत एकदाही पिवळा नाही. तुमच्या पथकातला परशुराम सौरपट्ट्यांची चौकट निसटून पडला, पाय गमावला, त्या दिवशीसुद्धा हिरवाच! नाहीतर त्याच दिवशी मी फोन केला असता. इतकं खंबीर मन मी पाहिलं नाही हो."

हणमंतचं लक्ष टेबलावरच्या पान्यांकडे गेलं. त्या चौकटीचे नट जालिंदरनंच आवळले होते. तीन महिने झाले, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ज्या दिवशी फोन यायला हवा होता त्या दिवशी जालिंदरचं मन म्हणून एका मेंढीचं मन मोजलं गेलं होतं.

"मॅडम, ते हिरवं त्याचं न्हाय," तो कसाबसा म्हणाला आणि उठला.

जालिंदरनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. फोन बंद. घरी कुलूप. हणमंत स्वतःला, कंपनीला, त्या कड्यांना शिव्या घालत रस्त्यानं फिरला, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी त्याची मोटरसायकल दिसली. चढताना धाप लागत होती. आठ महिन्यांत हा डोंगर त्याच्या वतीनं मेंढीच चढली होती.

वर म्हाळूतात्या वाटच पाहत होते. "पार दरीच्या टोकाला बसलाय. दोनदा चा दिला, घेतला न्हाय. मग मेंढरंच नेली तिकडं. त्याच्या न् दरीच्या मधी सोडली."

जालिंदर खरोखर मेंढरांच्या गराड्यात बसला होता. एकीनं त्याच्या मांडीवर मान टाकली होती. हणमंत शेजारी टेकला. तरवडाच्या झुडपांवरून वारा येत होता, उन्हं कलली होती.

"गाढवा, सांगायचं न्हाईस व्हय?" शेवटी हणमंत म्हणाला.

"झोप न्हाय तीन महिनं," जालिंदर म्हणाला. "नट मीच आवळलेलं. हातात पाना धरवत न्हाय. सकाळी पान्यांचा संच दिला तवा म्हटलं, हा तरी इचारंल."

हणमंतनं मान खाली घातली. शेजारच्या मेंढीच्या पायातलं जालिंदरचं कडं सोडवून त्यानं त्याच्या मनगटावर चढवलं. दिवा क्षणभर लुकलुकला आणि लाल झाला.

"लाल तर लाल. खरं तरी हाय," हणमंत म्हणाला. "मॅडमचा फोन आला की आपण दोघं बोलू. मी उठत न्हाय हितनं."

जालिंदर रडला. मेंढरं चरत राहिली. तासाभरानं, म्हाळूतात्यांनी तिसऱ्यांदा आणलेला चहा त्यानं घेतला, तेव्हा दिवा पिवळा झाला होता. हे डोंगरानं केलं की चहानं, की कुणीतरी शेजारी बसल्यानं, ते कड्याला सांगता येत नव्हतं.

उतरण्याआधी हणमंतनं आपली मेंढी धरली. या वेळी ती मुकाट उभी राहिली. त्यानं स्वतःचं कडं मनगटावर चढवलं आणि लगेच बाही खाली ओढली. पण कापडातूनही लाल उजेड दिसलाच.

जालिंदरनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आन् तुझं काय झालंय रं, हणमा?"