पाणमांजराचं कार्ड

नकाशांचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. तो चुकून खालच्या दारातून आत शिरला आणि तिच्या टेबलापाशी थबकला. गमबूट चिखलाने माखलेले, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि ओठांवर हसू... कारण तिच्यासमोरच्या कार्डावर लिहिलं होतं, 'पाणमांजर : पाण्यात राहणारे मांजर.'

"हे मांजर नव्हेच हो," तो म्हणाला. "नाव देणाऱ्याने नुसत्या मिशा बघितल्या असणार."

तिचा पारा चढला. शब्दकोशाच्या त्या कचेरीत तिला सहा वर्षं झाली होती आणि ती नाकावर माशी बसू देत नसे. आज इतक्या वर्षांनी तो राग आठवला की तिचं तिलाच हसू येतं.

तो निघाला पाणमांजरं मोजणारा. नदीच्या पाहणीसाठी दोन महिने आलेला. नदीवरचे कोळी या प्राण्याला ऊद म्हणतात, असं त्याने सांगितलं मात्र, आणि ती राग विसरून उठलीच. ऊद म्हणजे पाण्यातला, तिने सांगितलं; 'उदक' ज्या घरचं, त्याच घरचा हा शब्द. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी काठावर उभं राहून त्याला पाण्याचा म्हटलं, आणि लांबलांबच्या भाषांतही त्याच नावाची भावंडं आहेत. मांजर त्याला मागाहून चिकटलं. बोलताना तिचे हात हलत होते. तो ऊद विसरून हातांकडेच बघत होता.

पाणमांजराच्या कार्डावर आता ऊदही नोंदवायचा होता, पण कचेरीचा नियम कडक. शब्द रोज वापरणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य कार्डावर हवं आणि खाली त्याची सही. ते आणायचं त्याने कबूल केलं. एका मंगळवारी वाक्य आणलं, सही नाही. पुढच्या मंगळवारी दोन्ही विसरला, आणि कागदाच्या पुडीत पाणमांजराची वाळकी विष्ठा घेऊन आला. माशांचे खवले त्यात कसे चमकतात, ते तिला दाखवायचं होतं म्हणे! तिने हुंगूनही बघितली. त्या वयात माणूस काय काय हुंगतं...

शेवटी एका रविवारी तीच नदीवर गेली. वाळूत ओल्या पावलांचे ठसे होते. पलीकडून बारीक शीळ आली, एक तपकिरी डोकं पाण्यावर आलं, दोघांना नीट न्याहाळून बुडालं. तिने पुढे जाऊ नये म्हणून त्याने तिची बाही धरली होती. ऊद गेला तरी ती सोडली नाही. परतताना जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळणीने वाक्य सांगितलं, सहीही केली. कार्ड पुरं झालं.

आणि तिने ते खणात तळाशी दडवलं. संपादकांना सांगितलं, अजून अपुरं आहे. तीन मंगळवार असेच गेले. तो येत राहिला, 'प'चा अख्खा खंड छपाईवाचून अडून राहिला.

"मांजर डोळे मिटून दूध पितं," संपादक चष्मा पुसत म्हणाले, "म्हणून जगाला दिसत नाही असं नसतं, बाई. कार्ड उद्या द्या. नदीवाला परवा चाललाय."

ती तशीच कार्ड घेऊन त्याच्या खोलीवर गेली. तो वळकटी बांधत होता.

"हे तीन आठवड्यांपूर्वीच पुरं झालंय," ती म्हणाली. "मी लपवलं."

"का?"

"पुरं झालं असतं, तर तुम्ही आला नसतात."

तो वळकटीवरच बसला. दुसरी नदी, फार लांबची... दोन वर्षांचं काम. थांब म्हणायचा आपल्याला काय हक्क, असं काहीसं तो पुटपुटला.

"आमच्या कोशाला अजून चौदा वर्षं लागणार आहेत," ती म्हणाली. "थांबायची मला सवय आहे. तुला मी हवी आहे का, तेवढं सांग."

"हवी आहेस," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवसापासून."

ती दोन वर्षं तिने पत्रांवर काढली. तिला विचाराल तर तिच्या आयुष्यातली तीच सगळ्यात लांब वर्षं. त्यानंतरची तीस कशी गेली, दोघांनाही कळलं नाही.