शेवटचा हात

मापे सगळी बरोबर होती, आणि तरीही झाकण गळत होते.

शाल्मली त्या गोल धातूच्या झाकणाकडे कितीतरी वेळ पाहत बसली होती. व्यास जुन्या झाकणाएवढाच, जाडी तेवढीच, मधले छिद्रही जिथल्या तिथे. असे असूनही हरितगृहाच्या हवा खेळवणाऱ्या नळावर ते बसवले, की त्याच्या कडेने बारीक शीळ घातल्यासारखा ध्वनी उमटे आणि आतली उबदार हवा बाहेर, मंगळाच्या गोठलेल्या विरळ वातावरणात निघून जाई. तिने घडवलेले हे दुसरे झाकण. पहिलेही असेच गळले होते.

‘लोहिता’ ही मंगळावरची एक लहानशी वसाहत. धुळीचे वादळ उठल्यापासून तिथे सूर्य विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसे. वीज जपून वापरावी लागे. पृथ्वीशी संपर्क तुटला होता, म्हणून तडकून तुकडे झालेल्या मूळ झाकणाचा आराखडा मागवण्याची सोय नव्हती. मुद्रणयंत्रात (थरावर थर रचून वस्तू घडवणाऱ्या यंत्रात) धातूची भुकटी उरली होती ती जेमतेम एका झाकणापुरती. बिघडलेली झाकणे वितळवून पुन्हा भुकटी करावी, एवढी वीज उपलब्ध नव्हती.

आणि हरितगृहात भात होता. मंगळाच्या मातीत रुजलेले ते पहिले वाण. शाल्मलीच्या आईने, केतकीने, त्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली होती.

केतकी आत आली ती हातात रोपांचे तबक घेऊनच. रोपांची पाती करडी पडून लोंबत होती.

“उत्तरेकडचा वाफा गेला,” ती म्हणाली. “धुगधुगी असलेली तेवढी उचलून आणली.”

“आई, मी आणखी एकदा करून बघते.”

“राहू दे आता. भुकटी संपली तर उद्या दुसरं काही मोडल्यावर हात चोळत बसावं लागेल.” तिने तबक भिंतीशी ठेवले आणि ती परत गेली. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे शाल्मलीला वाटले.

कोपऱ्यात बसलेले आजोबा हे सारे ऐकत होते. त्र्यंबकराव म्हणजे केतकीचे वडील, आणि वसाहतीतले वयोवृद्ध धातुशास्त्रज्ञ. मोतीबिंदूमुळे त्यांना आता पडद्यावरचे काही दिसत नसे. संगणकात आकार घडवण्याची कला शाल्मलीच्या वडिलांना, विश्रामला, अवगत होती. तो मूळचा पेणचा, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घराण्यातला. गेल्या वर्षी धुळीने फुप्फुसे निकामी होऊन तो गेला, आणि त्याची विद्या वसाहतीत एकट्या शाल्मलीकडे उरली.

“आण बघू ते झाकण इकडे,” आजोबा म्हणाले. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. “गुळगुळीत आहे हो.”

“आहेच मुळी. बाबांनी शिकवलंय.”

“गुळगुळीत आहे म्हटलं. सपाट आहे असं कुठं म्हटलं?”

शाल्मलीने मान वर केली. “दोन्ही एकच ना?”

“एकच असतं तर आपल्या भाषेनं दोन शब्द कशाला सांभाळले असते? तुझ्या या म्हाताऱ्याचं टक्कल गुळगुळीत आहे. त्यावर वाटी ठेवून बघ, राहते का.”

तिला हसू आले नाही. आजोबांनी एक स्वच्छ काच मागवली, तिच्यावर थोडा ओला गेरू पातळ पसरला आणि झाकण पालथे घालून हलकेच दाबले. उचलल्यावर झाकणाच्या मध्यभागी लाल ठसा उमटला होता. कडेचे सगळे वर्तुळ मात्र कोरडे राहिले होते.

“काच सपाट आहे. झाकण सपाट असतं तर रंग कडेपर्यंत लागला असता. तुझ्या झाकणाच्या कडा खाली वळल्या आहेत. बोटाला कळणार नाहीत इतक्याच, पण हवेला पुरेशा आहेत.”

“घासून सपाट करू या.”

“मधला भाग कडेएवढा खाली येईतो घासलं, तर झाकण इतकं पातळ होईल की नळाच्या खाचेत खुळखुळेल. गेलेली कड घासून परत येत नाही, पोरी.” त्यांनी झाकण हातात फिरवले. “आता मला सांग, तू आकार घडवतेस म्हणजे नेमकं काय करतेस?”

शाल्मलीने सांगायला सुरुवात केली. पडद्यावरची माती ही खरी माती नसते. तिचा पृष्ठभाग म्हणजे जालक (असंख्य बिंदू रेषांनी जोडून विणलेली जाळी). कुंचला फिरवला की त्याच्याखालचे बिंदू वर उचलले जातात किंवा आत दबतात. त्यातूनच नाक घडते, कान घडतो. मात्र हे झाकण तिने तसे घडवले नव्हते. एक दंडगोल (नळकांड्यासारखा भरीव आकार) घेतला, त्यातून लहान दंडगोल वजा केला, की छिद्र तयार झाले. असे साधे भरीव आकार एकमेकांत मिळवून आणि वजा करून झाकण उभे राहिले होते. त्यानंतर तिने मापे घेतली.

“उत्तम. पद्धतीत कुठे चूक नाही. मापं घेतल्यावर काय केलंस?”

“काही नाही. यंत्राकडे पाठवलं.”

“त्याच्या आधी?”

“शेवटचा हात फिरवला, बस.”

आजोबांचा अंगठा झाकणाच्या कडेवर येऊन थांबला. तेव्हा शाल्मलीला आपण काय बोललो ते पुन्हा ऐकू आले.

पेणच्या त्या घरात कोणतीही मूर्ती शेवटचा हात फिरवल्यावाचून पाटावरून उठत नसे. सगळे काम झाले की घरातले कर्ते माणूस तळहात पाण्यात भिजवून शाडूवरून एकदा मायेने फिरवी. विश्रामने पडद्यावरच्या मातीलाही तोच नियम लावला होता. मृदूकरणाचा (पृष्ठभाग गुळगुळीत करणारा) कुंचला घ्यायचा आणि सगळ्या आकारावरून एकदा फिरवायचा. शाल्मलीचा हात धरूनच त्याने ते शिकवले होते.

“बाबांचं चुकलं म्हणता?” शाल्मलीने विचारले.

“त्यानं तुझ्याकडून काय काय घडवून घेतलं?”

“माणसं. मोर. एकदा आईचा चेहरा.”

“मग त्याचं काहीच चुकलं नाही. आता हे बघ.” आजोबांनी मूठभर चणे घेऊन टेबलावर काटकोनात मांडले: एक आडवी ओळ, एक उभी, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे कोपऱ्यावर एक चणा. “तो कुंचला प्रत्येक बिंदूला एकच आज्ञा देतो. आपल्या शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहा. आडव्या ओळीतला एखादा चणा हलव बरं त्या आज्ञेप्रमाणे.”

“तो मध्येच आहे. हलायची गरज नाही.”

“आता कोपऱ्यावरचा.”

त्याचा एक शेजारी डावीकडे होता, दुसरा खाली. दोघांच्या मध्ये ठेवायचे म्हणून शाल्मलीने तो चणा तिरका आत सरकवला. कोपरा नाहीसा झाला. मग त्याच्या शेजारचे दोघेही सरळ रेषेत उरले नाहीत. त्यांनाही आत सरकवावे लागले. ती थांबली.

“गालाच्या ठिकाणी सगळे बिंदू जवळपास शेजाऱ्यांच्या मध्येच असतात,” ती सावकाश म्हणाली, “म्हणून गाल बिघडत नाही, उलट शोभतो. कडेवरच्या बिंदूचे शेजारी एकाच अंगाला असतात. तो आत ओढला जातो. जितक्यांदा हात फिरवू, तितक्यांदा.”

“फिरवत राहिलीस तर पेटीचाही लाडू होईल.”

कोडे उलगडले होते, पण शाल्मलीला आनंद झाला नाही. तबकातल्या रोपांकडे तिचे लक्ष गेले. दोन वेळा तिने तो हात फिरवला होता, दोन्ही वेळा डोळे मिटून, बाबांचे स्मरण करून. त्या स्मरणापायी दोन झाकणांची भुकटी गेली होती आणि उत्तरेचा वाफा गेला होता. आणि आता बाबांची म्हणून जी एकच खूण तिच्या बोटांत उरली होती, तीच तिला आवरून धरायची होती.

तिने आकार मुळापासून पुन्हा रचला. “भुकटीचं मी केतकीला सांगतो,” म्हणून आजोबा सुचवत गेले. माथा, बूड आणि भिंत असे पृष्ठभागाचे वेगवेगळे गट करून त्यांना निरनिराळे रंग दे, म्हणजे कुठला भाग कुठे संपतो ते डोळ्यांना स्पष्ट दिसेल. कडेच्या दोन्ही अंगांना जवळजवळ दोन रेषा घाल. जालक पुढे कितीही बारीक विणले, तरी कड त्या दोघींमध्ये बांधलेली राहील.

सगळे झाले. मापे जुळली. शाल्मलीचा हात सवयीने कुंचल्यापाशी गेला आणि तिथेच थांबला. पडद्यावरचे झाकण तिला उघडे, पोरके वाटत होते. आकार यंत्राकडे पाठवताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पुसायला आजोबांनी सांगितले नाही.

यंत्रातून झाकण निघाले. गेरूचा ठसा कडेपर्यंत अखंड उमटला. केतकीने ते नळावर बसवले आणि तिघेही कान देऊन उभे राहिले. शीळ आली नाही.

तोवर वाफे जवळजवळ सगळेच गेले होते. भिंतीलगत, जिथे नळाची ऊब सर्वांत शेवटी निवली, तिथे काही रोपे बुंध्याशी हिरवी होती. केतकीने गुडघे टेकून त्यांच्याभोवतीची माती सैल केली.

“बियाण्यापुरती जगतील?” शाल्मलीने विचारले.

“सांगता येत नाही,” केतकी म्हणाली. तिने लेकीला जवळ बसवून घेतले. “बाकीच्या नळांची झाकणं त्या तडकलेल्या झाकणाच्याच वयाची आहेत, शाल्मली. तीही तडकणार.”

“भुकटी नाही.”

“वादळ ओसरेल तेव्हा वीज येईल. मग ती दोन बिघडलेली वितळवू. आकार तरी तयार हवेत ना.”

शाल्मली उठली. पडद्यावर तिने नवे पान उघडले, त्यावर एक साधा दंडगोल ठेवला आणि शेजारच्या नळाचे माप घ्यायला ती मोजपट्टी घेऊन निघाली.