साडेपाचशेलाच विका

हत्तीला पाच पाय होते.

"भाचीनं काढलाय," चित्र टेबलावर ठेवत तो म्हणाला. "पाचवा जास्तीचा आहे म्हणे. एखादा दमला तर बदलायला!"

तोंडावर बांधलेल्या फडक्याआड ती हसली. चित्रांना चौकटी बसवणाऱ्या त्या लहानशा दुकानात ती सहा वर्षं काम करत होती. कानामागे पेन्सिल, हातात कायम पट्टी, म्हणून मालककाका तिला 'फुटपट्टी' म्हणत. लाकडाचा भुसा नाकात जाऊ नये म्हणून ते फडकं. तिनं चित्र मोजलं, काळ्या पट्टीचा नमुना दाखवला आणि फडक्यामुळे खुणेनंच "गुरुवारी" म्हणून कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"एक चित्र, बारा बाय सोळा, काळी पट्टी, साधी काच, गुरुवार संध्याकाळ. बरोबर?" त्यानं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.

तिच्या हातातली पट्टी तिथेच थांबली. हा आवाज... हे "बरोबर?"...

आता हा आवाज तिला कसा माहीत, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी दादाचं ऐकून तिनं कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. शेअर म्हणजे कंपनीतला चिमुकला वाटा. कंपनीचं बरं चाललं की त्याचा भाव चढतो, नुसती आवई उठली तरी कोसळतो. हा शेअर तर भलताच वांड, सकाळी झाडाच्या शेंड्यावर, दुपारी विहिरीच्या तळाशी!

इकडे काका थकले होते. दुकान तिलाच द्यावं असं त्यांच्या फार मनात होतं, पण शेजारचा मोबाइलवाला पैसे घेऊन दाराशी उभा होता. "शुक्रवारपर्यंत त्याला थोपवतो, पोरी. पुढे माझाही इलाज नाही," काकांनी सांगून टाकलं होतं. शेअर पाचशेच्या भावानं विकले असते तरी दुकान तिचं झालं असतं.

म्हणून पाच आठवडे ती रोज सकाळी शेअरदलालाच्या ऑफिसात फोन करत होती. तिथे फोनवर ऑर्डर घेणाऱ्याला ती पुन्हा म्हणून दाखवावी लागते. ग्राहकानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही.

"तुमचे सगळे शेअर, साडेपाचशेला, विक्री. बरोबर?"

"बरोबर."

भाव त्या वेळी असायचा पाचशे तीसच्या आसपास. साडेपाचशे काही येत नसे, बाजार बंद झाला की ऑर्डर रद्द होई, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन.

"आजही साडेपाचशेच?"

"का हो, कंटाळलात?"

"छे! तुमचा फोन आला नाही तर... सकाळ झाल्यासारखं वाटत नाही."

चित्र द्यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी ती फोनवर अशीच बोलत होती, तर आतून काका ओरडले, "फुटपट्टी, त्या हत्तीची काच कुठे ठेवलीस?"



"एक विचारू?" तो सावकाश म्हणाला. "तुमच्या त्या हत्तीला पाय किती?"

तिनं डोळे मिटून घेतले. "पाच."

गुरुवारी तो आला तेव्हा तिच्या तोंडावर फडकं नव्हतं. केसही आज जरा नीट बसले होते. काकांनी ते पाहिलं आणि शहाण्या माणसासारखे चहाला निघून गेले.

"आज भाव पाचशे दहावर आला," ती म्हणाली. "दादा म्हणतो, थांब, सातशेला जाईल. कोंबडी अंडी घालतेय आणि तू ती विकायला कसली निघालीस! तुम्ही काय केलं असतं?"

"आम्हाला सल्ला द्यायची मनाई आहे."

"म्हणजे तोंडाला कुलूप?"

"तोंडाला. डोळ्यांना नाही." आणि तो खरंच बघत राहिला. मग म्हणाला, "पण विचारायला मनाई नाही. भाव पाचशे तीस असताना रोज साडेपाचशेच का?"

अजून वाढेल म्हणून, असं ती म्हणणार होती. ते खोटंही नव्हतं. पण...

"विकले गेले असते," ती पट्टीकडे बघत पुटपुटली, "तर दुसऱ्या दिवशी फोन कशासाठी केला असता?"

त्यानं घाईघाईनं पैसे टेबलावर ठेवले. हत्ती छातीशी धरून निघून गेला. आपण जीभ चावायला हवी होती, असं तिला वाटलं.

शुक्रवारी भाव पाचशे चार. तिनं फोन लावला. पलीकडे एका बाईचा करडा आवाज.

"ते... नेहमीचे कुठे आहेत?"

"तुमचं खातं आजपासून माझ्याकडे. ग्राहकाशी खाजगी ओळख झाली की इथे लिहून द्यावं लागतं, मग खातं दुसऱ्याकडे जातं. सकाळी आल्याआल्या त्यांनी लिहून दिलं. बोला, साडेपाचशे?"

आधी तिला रडू आलं. उद्यापासून तो आवाज नाही. आणि मग हळूहळू उजेड पडला. त्यानं लिहून दिलं होतं... की ओळख आहे!

"सगळे विका," ती म्हणाली. "मिळेल त्या भावानं."

पाचशे दोनला शेअर गेले. काकांनी भिंतीला टेकून डोळे पुसले आणि मोबाइलवाल्याला 'नाही' सांगून आले. दुपारी भाव उसळून पाचशे ऐंशीवर गेला.

दुकान बंद व्हायच्या सुमारास तो दारात उभा होता.

"पाचशे ऐंशी... कळलं?"

"दादानं तीनदा कळवलं. तिन्ही वेळा गाढव म्हणाला."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना! चांगलं पाच मिनिटं. मग म्हटलं, माझ्या दुकानातली काच माझी वाट बघतेय."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सकाळचाच फॉर्म आहे, ऑफिसनं परत दिला. एक रकाना राहिलाय, 'ओळखीचं स्वरूप'. एकट्यानं भरायचा धीर होईना."

तिनं कानामागची पेन्सिल काढली, थोडा विचार केला, आणि लिहिलं – 'प्रेम. दुसऱ्या बाजूनं खात्री करावी.'

त्यानं वाचलं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तिच्या हातातली पेन्सिल घेताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली. मग खाली त्यानं नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं –

'खात्री केली. पाच आठवड्यांपूर्वीच.'