गेक निओचं टिंब

संध्याकाळी पाचच्या आत गेक निओची कबर सापडायलाच हवी होती!

गेक निओ म्हणजे क्लेमेंटीतल्या आमच्या शेजारणीची, रोझीची पणजी. जुन्या चिनी दफनभूमीच्या टेकडीवरून नवा रस्ता जाणार होता. कबरी उकरून अस्थी वारसांना मिळणार होत्या, आणि बेवारस अस्थींची राख समुद्रात सोडणार होते. वारसांनी नाव नोंदवायचा तो शेवटचा दिवस. कबरीशेजारच्या खुंटीचा नंबर आणि दगडावरचं नाव स्पष्ट दिसेल असा फोटो ऑफिसला पाठवायचा, बस्स. पण शंभर वर्षांत त्या टेकडीवर रान माजलं होतं!

आम्ही तिघं निघालो. बहात्तर वर्षांची रोझी, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी मी आणि माझे यजमान मनोहर. आयुष्यभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, आता हातात काठी आणि पाठीवर माझी पिशवी.

"पोळ्यांचा डबा, भाजीचा डबा, वर स्टीलचं ताट! सुलभा, कबर शोधायला चाललोय की डोहाळजेवणाला?"

"भूक लागली की विचारा हं मला."

रोझीच्या पर्समध्ये तिच्या आईने लिहून ठेवलेला कागद होता. त्यावर तीन चिनी अक्षरं. "ती वाचता येतात का तुला?" मी विचारलं.

"कुठे लाह!" बोलताना ‘लाह’ जोडायची रोझीची सवयच. "आम्ही पेरानाकन, मलय मुलखात मुरलेले चिनी. घरात मलय, शाळेत इंग्रजी. पण मधलं अक्षर ‘गेक’. गेक म्हणजे जेड. तीन आडव्या रेघा, एक उभी, आणि खाली उजवीकडे टिंब. टिंब नसेल तर तो होतो राजा. मग ती माझी पणजी नाही!"

मला हसू आलं. आमच्याकडेही टिंब पुसलं की ‘वंशा’चा ‘वश’ होतो!

पायवाट पहिल्या ओढ्यापाशीच संपली. ओंडक्यावरून बसून सरकत आम्ही पलीकडे गेलो. पुढे निसरडी चढण. मुळं धरत, धापा टाकत वर चढलो. ओळीने कबरी, आणि प्रत्येकीला झाडांनी मिठी मारलेली! मनोहरांनी एक वेल बाजूला करायला काठी उचलली.

"थांबा!" मी ओरडले.

ती वेल नव्हती. मांडीएवढा जाड अजगर होता! शांतपणे तो कबरीच्या कठड्यावरून उतरला, पानांत शिरला. सरता सरेना!

"त्याचाही पणजा इथेच असेल," रोझी पुटपुटली.

साडेचार वाजले. एकतीस दगड पाहून झाले होते. बत्तिसावा एका अजस्र वडाच्या मुळांखाली होता. गुलाबी फुलांच्या फरशा, रोझीच्या आईने सांगितलेल्या, अगदी तशाच! रोझीने शेवाळ पुसलं. पहिलं अक्षर जुळलं. तिसरंही जुळलं. मधलं... तीन आडव्या, एक उभी. टिंब नाही!

रोझी मटकन खाली बसली. "राजा," ती म्हणाली. "कुणा दुसऱ्याच घराण्याची."

मी बोटांनी चाचपलं. दगड झिजलेला, खरखरीत. सावली इतकी गडद की डोळ्यांनाही काही ठरवता येईना. पश्चिमेकडून काळेकुट्ट ढग चढत होते.

आणि मला एकदम नाईलचा तो किनारा आठवला! एकोणऐंशी साली मनोहर सुवेझच्या गोदीत होते, आणि मी दोन हिवाळे एका उत्खननात थडग्यांच्या भिंतींवरची चित्रलिपी उतरवून घ्यायला होते. मला तिचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. "बरं आहे," मुकादम महमूद म्हणायचा. "वाचता येणारा माणूस नसलेलंही काढतो." आत मशाल नेली तर रंग काळवंडतात. म्हणून तो दारात आरसा धरायचा, आत दुसरा आरसा. ऊन वळणं घेत घेत साडेतीन हजार वर्षांच्या अंधारात पोचायचं! भिंतीला घासून तिरपं ऊन सोडलं की पुसट रेघही सावली टाकायची.

"अहो, ताट काढा, एका डब्याचं झाकण मला द्या! त्या मोकळ्या जागेत उन्हात उभे राहा!"

"आत्ता जेवायचं?"

"कवडसा पाडा! माझ्यावर! लवकर!"

मनोहर धावले. गुडघ्यांची तक्रार न करता धावले! ताट चमकलं. कवडसा झाडांवर नाचला, फांद्यांत हरवला. "डावीकडे! खाली! अजून खाली!" तो माझ्या हातातल्या डब्याच्या झाकणावर आदळला. झाकण मी दगडाच्या कडेला टेकवलं, हळूहळू तिरकं केलं. उजेड दगडावरून सपाट घसरला. रेघा उठून उभ्या राहिल्या.

आणि खाली उजव्या कोपऱ्यात, तिळाएवढी सावली!

"टिंब!" रोझी किंचाळली. "टिंब आहे! गेक! गेक निओ!"

"फोटो काढ आधी!"

एक काढला. दुसरा काढला. तिसऱ्याला ढगाने सूर्य गिळला. खुंटीचा नंबर टिपला, पण फोनला रेंज नाही! रोझी ताटाच्या जागेकडे पळाली, फोन उंच धरून चवड्यांवर उभी राहिली. चार बावन्न. चार पंचावन्न. मग फोन वाजला. नोंद झाली, असं उत्तर आलं होतं.

त्याच क्षणी पाऊस कोसळला! वडाखाली आम्ही एकमेकांना चिकटून बसलो. मी डबा उघडला. मनोहर तीन पोळ्या जेवले.

रोझीने आपली पोळी मोडली, अर्धी ताटात घालून दगडापुढे ठेवली.

"पणजी," ती म्हणाली, "रोझी आलीये. इंडियन जेवण आहे, तिखट आहे. उशीर झाला म्हणून रागावू नको, लाह. सामान आवर. तुला घरी न्यायला आलोय."