तासाभराची नवखी

कोल्हापूरच्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत रेवती टिपणीस कपाळावरचा विस्मृतिपट्टा सोडत होती आणि मज्जाशास्त्रज्ञ फिरोज मुलाणी हसू दाबत होते.

"नापास?" तिने विचारलं.

"तिसऱ्या पायरीला. काल अडलात तिथेच."

'पडसाद' ही रेवतीची निर्मिती. संगणकाचा प्रोग्राम ज्यात लिहितात त्या कोड एडिटरला ही जोडणी लावली की एक ओळ बदलताच तिचे परिणाम आणखी कुठे होतील ते रंगांत दिसे. नवख्यांसाठी चार पायऱ्यांची तोंडओळखही तिनेच लिहिली होती. आज संध्याकाळपर्यंत एक तरी नवखा माणूस ती न अडखळता पार करायला हवा होता. नाहीतर जोडणी तोंडओळखीविनाच बाहेर पडणार होती. पण संस्थेत नवखं कोणी उरलंच नव्हतं. तालमी करकरून सगळ्यांना ती पाठ झाली होती. म्हणून रेवती स्वतःच पट्टा बांधून तासभर नवखी होत होती.

"पट्ट्यातच खोट असेल," रेवती म्हणाली.

"पट्टा काही पुसत नाही. पडसादच्या आठवणींकडे जाणारी वाट तेवढी तासभर बंद करतो. वाट उघडली की त्या तासातलं मात्र आठवत नाही. म्हणून तर हे." फिरोजनी ध्वनिमुद्रण लावलं.

रेवतीचाच आवाज, वैतागलेला: "मी अजून एक ओळ बदललेली नाही, आणि हे मला सात रंगांचे अर्थ सांगतायत. लिहिणाऱ्याला कुणीतरी आवरा."

रेवतीचे कान तापले. "रंगांच्या त्या पायरीवर महिना घालवलाय मी."

"तिला कुठे ठाऊक?"

"ती म्हणजे मीच ना?"

"तासभर नव्हतात. टिपणीसबाई, तुम्हाला येतं म्हणून सोपं वाटतं. तिला येत नाही, एवढीच तिची पात्रता."

रेवतीने पडद्यावर तिसरी पायरी उघडली. मग तिने रंगांची अख्खी पायरी काढून टाकली आणि तिथे लिहिलं: 'कोणतीही एक ओळ बदला. काय होतं ते बघा.' पट्टा पुन्हा बांधला.

तासाने तिने तो सोडला तेव्हा फिरोज गंभीर होते.

"लावा," ती म्हणाली.

आवाज या वेळी निवांत होता. "इथे बदललं, तर तिकडे दोन ओळी तांबड्या झाल्या. म्हणजे तिथे मोडणार. छान आहे की."

चौथी पायरीही न अडखळता संपली, आणि फिरोजचा प्रश्न ऐकू आला: "आणि तोंडओळख कशी वाटली?"

"कसली तोंडओळख?"

रेवती खुर्चीत मागे रेलली.

"शेवटचं तेवढं," ती म्हणाली, "परत लावा."